नळीची तारीख



मागच्या वेळी चातुर्मासातल्या साठवणीच्या डब्यांविषयी लिहिलं होतं. आजचा विषय तसा गोड नाही. लिहू की नको, असं दोन महिने चाललं होतं. पण हा लेख मी हौसेनं लिहीत नाही, हे माझं प्रायश्चित्त आहे. कुणी दिलं आणि कशासाठी, ते ओघात येईलच.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात माझ्या डाव्या कुशीत पहाटे अशी कळ आली की मला उभंही राहता येईना आणि झोपताही येईना. दोन बाळंतपणं झालेली बाई मी, पण ही कळ वेगळीच. यांनी गाडी काढली, सूनबाईनं अंगावर शाल टाकली आणि आम्ही दवाखान्यात. सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन. मूत्रवाहिनीत ९ मिलिमीटरचा खडा अडकला होता. डॉक्टर म्हणाले, "काकू, एवढा खडा आपोआप पडायची शक्यता कमी. दुर्बिणीतून लेसरनं फोडू या." तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पोटावर एक टाका नाही. मी मनातल्या मनात णमोकार म्हणत होते, तेवढ्यात संपलंसुद्धा.

घरी सोडताना कळलं की खडा गेला, पण आत एक नळी ठेवली आहे. कागदावर लिहिलं होतं 'डीजे स्टेंट, डावी बाजू'. नातू म्हणाला, "आजी, तुझ्या पोटात डीजे लावलाय?" सगळे हसले. मीही हसले. त्या कागदावर खाली निळ्या शाईनं आणखी एक ओळ होती: 'स्टेंट चार आठवड्यांनी काढणे.' पुढे तारीख.

ती तारीख दशलक्षण पर्वात येत होती.

आधी ही नळी काय असते ते सांगते, कारण आपल्यातल्या कितीतरी जणींना, त्यांच्या यजमानांना ती बसवलेली असते आणि कुणालाच नीट माहीत नसतं. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत लघवी आणणारी मूत्रवाहिनी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि बोरूच्या काडीपेक्षाही बारीक. खडा फोडला की ती आतून सुजते. सूज आली की वाट बंद. वाट बंद झाली की लघवी मूत्रपिंडात तुंबते आणि पुन्हा तीच कळ. म्हणून सूज उतरेपर्यंत आत एक पोकळ, मऊ नळी ठेवतात. माझी २४ सेंटिमीटरची होती आणि जाडी जेमतेम २ मिलिमीटर. तिच्या अंगावर ठिकठिकाणी भोकं असतात. दोन्ही टोकं वळलेली, इंग्रजी 'जे' अक्षरासारखी. म्हणून 'डबल जे', आणि तेच आपलं डीजे. वरचं वेटोळं मूत्रपिंडात, खालचं मूत्राशयात.

ही वेटोळी कशासाठी, तेही मी नंतर वाचलं. १९६७ मध्ये डॉक्टरांनी सिलिकॉनच्या सरळ नळ्या दुर्बिणीतून आत ठेवायला सुरुवात केली, पण त्या जागेवर राहत नसत, घसरून खाली यायच्या. मग १९७८ मध्ये रॉय फिनी नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी दोन्ही टोकांना वळण असलेली नळी आणली. वेलीनं काठीला विळखा घालावा तशी ती दोन्हीकडे धरून राहते. आजही जगभर मुख्यतः त्याच घडणीची नळी वापरतात.

पण जे वेटोळं नळीला धरून ठेवतं तेच माणसाला छळतं. खालचं वेटोळं मूत्राशयाच्या तळाशी, जिथे सगळ्यात जास्त संवेदना असते तिथे घासत राहतं. त्यामुळे सारखी लघवीला लागते, लागली की थांबवत नाही, शेवटी जळजळ होते आणि जास्त चाललं-फिरलं की लघवी लालसर होते. आणखी एक. नळीमुळे मूत्रवाहिनीचं दार उघडं राहतं, त्यामुळे लघवी करताना जोर दिला की थोडी उलटी वर चढते आणि कुशीत चमक येते. मला वाटायचं, ऑपरेशन बिघडलं. नंतर कळलं की नळी असलेल्या सुमारे ८० टक्के लोकांना रोजच्या कामात अडथळा येईल इतका त्रास होतो. २००३ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी त्यासाठी खास प्रश्नावलीच तयार केली. किती वेळा उठावं लागतं, झोप मोडते का, घरकाम जमतं का, असं सगळं त्यात विचारतात. वाचून मला बरं वाटलं. आपला त्रास कुणीतरी प्रश्न म्हणून लिहून ठेवला, एवढ्यानंही माणसाला धीर येतो.

मी तेव्हा मात्र कुणालाच काही विचारलं नाही. मंदिरात पूजेला बसले की दर अर्ध्या तासाला उठावं लागायचं. पुन्हा हातपाय धुवा, पुन्हा शुद्ध वस्त्र नेसा. शेवटी मी मागच्या खांबापाशी, दाराजवळ बसायला लागले. कुणी विचारलं तर "गुडघे दुखतात" म्हणायची.

आता मूळ गोष्टीकडे येते.

दशलक्षणात मी दरवर्षी दहाही दिवस एकाशन करते. दिवसातून एकदाच जेवण आणि त्याच वेळी पाणी. अनंत चतुर्दशीला निर्जळ उपवास. चोवीस वर्षांत खंड नव्हता. त्या वर्षी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "काकू, नळी आहे तोवर पाणी भरपूर प्यायचं. उपवास नको." मी मान हलवली. घरी येऊन सूनबाईला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, हलकं खा."

हे माझं पहिलं खोटं.

दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला. "काकू, परवा नळी काढायची तारीख आहे." मी म्हटलं, "आमचं पर्व चालू आहे, क्षमावाणी झाली की येते." क्षमावाणी झाली. थोरल्या जाऊबाईंचा पाय मोडला, मी त्यांच्याकडे पंधरा दिवस राहिले. पुन्हा फोन आला. मी म्हटलं, "बाहेरगावी आहे." मग दिवाळी, निर्वाण लाडू, माहेरपण. त्यातच त्रासही कमी झाला. शरीराला सवय होते, मैत्रिणींनो. वाईट सवयीचीही होते. यांनी एकदा जेवताना विचारलं, "अगं, ती नळी काढली ना?" मी भाकरी उलटत म्हटलं, "काढली की, जाऊबाईंकडे होते तेव्हाच."

हे दुसरं. आणि हे मोठं.

मी बी.कॉम. झालेली बाई. लग्न झाल्यापासून घराचा जमाखर्च वहीत लिहिते. दुधाचा, वाण्याचा, मंदिराच्या दानाचा, सगळा. मुदत ठेवीची तारीख चुकली तर मला झोप लागत नाही. विम्याचा हप्ता मी आठवडाभर आधी भरते. आणि स्वतःच्या पोटातल्या नळीची मुदत मी चार महिने पुढे ढकलली. विसरले असं म्हणता येत नाही, कारण रोज रात्री चौथ्यांदा उठताना ती आठवायचीच.

पौषात लघवी लाल व्हायला लागली. आधी वाटलं बीट... पण बीट आपल्या घरात येतच नाही! मग थंडी वाजून ताप आला. सूनबाईनं मला न विचारता गाडीत घातलं. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला आणि काही वेळ बोललेच नाहीत. सूनबाईला दाखवत म्हणाले, "ही नळी बघा. एवढी बारीक रेघ दिसायला हवी." दोन्ही वेटोळ्यांवर पांढरे जाड गोळे होते, जिलबीवर साखरेचा थर चढावा तसे. खडा काढायला गेले होते, आणि नळीलाच खडे झाले होते.

सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. "आई, तुम्ही काढली म्हणाला होतात." एवढंच. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

हे असं का होतं, ते मला मागाहून मुलानं छापून दिलेल्या कागदांतून आणि डॉक्टरांना विचारून कळलं. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना पटकन समजेल. बोअरच्या पाण्यानं बंबाच्या आत पांढरा क्षार धरतो. आधी हाताला नुसता खरखरीत लागतो, मग त्याच खरखरीत जागी थरावर थर चढतात, आणि एक दिवस तोटी बंद. नळीचंही तसंच. लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, फॉस्फेट विरघळलेले असतातच. नळी आत गेल्यावर काही तासांतच तिच्यावर लघवीतल्या प्रथिनांचा एक पातळ, चिकट थर बसतो. त्या चिकटपणाला स्फटिक धरतात, जंतू धरतात. काही जंतू लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करतात. मग लघवीचा आम्लपणा जातो आणि क्षार आणखी वेगानं बसतो. जंतू नसले तरी कॅल्शियम ऑक्झलेट बसतंच, आणि माझा खडा त्याचाच होता.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दिवस. १९९१ मध्ये सौदी अरेबियातल्या डॉक्टरांनी काढलेल्या नळ्या तपासून हिशोब मांडला होता. सहा आठवड्यांच्या आत काढलेल्या नळ्यांपैकी ९.२ टक्क्यांवर क्षार होता. सहा ते बारा आठवड्यांत काढलेल्यांपैकी ४७.५ टक्के. बारा आठवड्यांपुढे ७६.३ टक्के. मी आकड्यांची बाई. हे तीन आकडे मी माझ्या जमाखर्चाच्या वहीत लाल शाईनं लिहून ठेवले आहेत. चक्रवाढ व्याज कसं चढतं ते मी मुलांना शिकवलं होतं, पण स्वतःच्या अंगावर चढलं तेव्हा कळलं. माझी नळी बाविसाव्या आठवड्यात होती.

वेळेवर गेले असते तर काम पाच-दहा मिनिटांचं होतं. बधिर करणारं औषध लावून बारीक दुर्बीण घालायची, खालचं वेटोळं चिमट्यात धरायचं आणि अलगद ओढायचं. त्याच दिवशी घरी. आता मात्र ताप उतरेपर्यंत सलाइनमधून औषधं, मग भूल, मग लेसरनं खालचा गोळा फोडा, वरचा फोडा. ओढाताण केली तर नळी आतच तुटते किंवा मूत्रवाहिनी फाटते, म्हणून कणाकणानं. दोन वेळा मिळून चार तास. खर्चाचं सांगते, कारण आपण बायका त्यावरून लवकर शहाण्या होतो. पहिल्या वेळी काही हजारांत भागलं असतं, ते पंच्याऐंशी हजारांवर गेलं. मूत्रपिंड मात्र वाचलं. डॉक्टर म्हणाले, "आणखी सहा महिने गेले असते तर हे वाक्य मला बोलता आलं नसतं."

आणि शेवटी काय, पुन्हा नळी! सूज होती, त्यामुळे पुन्हा एक ठेवावीच लागणार होती. मला रडूच आलं. तेव्हा डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "काकू, विचारा काय विचारायचं ते." सहा महिन्यांत मी पहिल्यांदा विचारलं.

माझा पहिला प्रश्न ऐकून ते चकित झाले. मी विचारलं, "या नळीला प्राण्यापासून काढलेलं काही लावलेलं असतं का?" ते म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. क्षार धरू नये म्हणून काही नळ्यांवर हेपॅरिनचा लेप देतात, आणि हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. तुम्हाला ती नको असेल तर आपण वापरणार नाही." त्यांनी तसं कागदावर लिहिलंही. त्रास कमी करायच्या कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं, तेही मी विचारलं. त्यांनी औषधवाल्याकडे चौकशी करून त्याऐवजी गोळी दिली. मैत्रिणींनो, आपण वडापावच्या चटणीत लसूण आहे का ते दहा वेळा विचारतो, आणि दवाखान्यात तोंड शिवून बसतो. विचारलं तर सांगतात. जीव वाचवायला पर्याय नसेल तेव्हाची गोष्ट निराळी, पण आधी विचारावं तरी.

दुसरा प्रश्न होता, "इतकी वर्षं झाली, क्षार न धरणारी, न टोचणारी नळी कुणी काढली नाही का?" यावर त्यांनी मला बराच वेळ दिला. माझ्या पहिल्या नळीचं प्लॅस्टिक पॉलियुरेथेन जातीचं होतं. ती स्वस्त, आत सरकवायला सोपी, पण कडक. सिलिकॉनची नळी मऊ असते, तिचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, म्हणून क्षार कमी धरतो आणि खुपतेही कमी. तुलना करून पाहिलेल्या अभ्यासांतही सिलिकॉनवाल्यांना दुखणं कमी आढळलं. मात्र ती बसवायला थोडी अवघड आणि महाग. काही नळ्यांवर पाणी धरून ठेवणारा बुळबुळीत लेप असतो. काही वर घट्ट आणि खाली मऊ असतात. काहींना खालचं वेटोळंच नसतं, त्याजागी नुसते बारीक दोरे, म्हणजे मूत्राशयात घासायला काही उरतच नाही. काहींच्या टोकाला छोटं लोहचुंबक असतं, मग काढताना दुर्बीण लागत नाही, दुसऱ्या चुंबकानं धरून ओढतात. काहींना बाहेरपर्यंत दोरा ठेवतात. आपोआप विरघळून जाणारी नळीही बनवून पाहिली आहे, पण विरघळताना तिचे तुकडे आत राहायचे, त्यामुळे ते काम अजून चालूच आहे.

मला सगळ्यात आवडलं ते भोकांचं. नळीच्या अंगावरची भोकं लघवीला वाट मिळावी म्हणून असतात, पण क्षार धरायला तिथूनच सुरुवात होते. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात काचेसारख्या छोट्या पट्टीवर मूत्रवाहिनीची नक्कल करून त्यांनी पाहिलं, की जिथे प्रवाह मंदावतो, कोपऱ्यात नुसता घुटमळतो, तिथेच कण बसतात. भोकाच्या कडांना उतार दिला, नळीची भिंत पातळ केली, की प्रवाह कोपरा धुऊन नेतो आणि कण कमी बसतात. आपण मोरीचा उतार बघतो ना, पाणी कोपऱ्यात साचू नये म्हणून, तेच. पाथरवटाला माहीत असलेली गोष्ट विद्यापीठात सिद्ध झाली.

"पण काकू," डॉक्टर शेवटी म्हणाले, "कुठलीही नळी आणली तरी तारखेला पर्याय नाही. सगळ्यात चांगली नळी म्हणजे वेळेवर काढलेली नळी."

दुसरी नळी सिलिकॉनची बसवली. त्रास झाला, पण निम्म्यानं कमी. सोबत मूत्रवाहिनी सैल ठेवणारी गोळी होती. पंधराव्या दिवशी सकाळी साडेनऊला मी दवाखान्याच्या बाकावर बसलेली होते. सिस्टरनं हसून दार उघडलं. सात मिनिटं लागली. मी घड्याळात बघितलं होतं.

आता प्रायश्चित्ताचं.

फाल्गुनात आमच्या गावी आर्यिका माताजींचा मुक्काम होता. मी दुपारी एकटीच गेले आणि सगळं सांगितलं. सांगताना मी म्हटलं, "व्रत मोडवेना माताजी, म्हणून तारीख पुढे ढकलली." माताजींनी विचारलं, "दशलक्षण किती दिवसांचं?" म्हटलं, "दहा." त्या म्हणाल्या, "मग अकराव्या दिवशी का गेली नाहीस?"

मला उत्तर देता येईना. बराच वेळ मी खाली पाहत बसले आणि मग खरं बोलले. मला लाज वाटत होती. पहिल्या वेळी भूल होती, काही कळलं नव्हतं. नळी काढताना जागेपणी, पुरुष डॉक्टरांसमोर, तशा अवस्थेत झोपायचं, हे मला सहन होत नव्हतं. बाळंतपणं बाईडॉक्टरांकडे झाली, पुढे चाळीस वर्षांत कुणाला अंग दाखवलं नाही. आणि हे कुणाला सांगायचं? नवऱ्याला? मुलाला? म्हणून मी पर्वाच्या आड लपले, मग जाऊबाईंच्या पायाच्या आड, मग दिवाळीच्या आड.

माताजी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "षोडशकारण भावना म्हणतेस ना? त्यात त्याग आणि तप यांच्या आधी कोणता शब्द आहे?" मी म्हटलं, "शक्तितः." "मग? शक्तीप्रमाणे त्याग, शक्तीप्रमाणे तप. आजारी शरीराची शक्ती न बघता केलेलं ते तप नव्हे, हट्ट. आणि तू तर हट्टही केला नाहीस, तू निमित्त केलंस. मनात माया ठेवून केलेल्या व्रताची जमा कुठल्या खात्यात होते, ते तू बी.कॉम. आहेस, तूच बघ."

इथे माया म्हणजे कपट, हे तुम्हाला माहीत आहेच. क्रोध, मान, माया, लोभ. कषाय. मला पाठशाळेत शिकलेलं आठवलं, की कर्माचे कण सगळीकडे असतात, पण कषायांचा चिकटपणा असेल तर ते टिकून बसतात. तेल लावलेल्या अंगावर धूळ बसते तसं. कोरड्या भिंतीवरची धूळ झटकली की जाते. नळीची उपमा मी फार ताणणार नाही. प्लॅस्टिक ते प्लॅस्टिक आणि आत्मा तो आत्मा. पण त्या एक्स-रेमध्ये पांढरे गोळे पाहिल्यापासून 'बंध' हा शब्द मला पूर्वीसारखा नुसता पुस्तकातला वाटत नाही. पहिला चिकट थर एका खोट्या वाक्याचा होता. पुढचे सगळे थर त्यावर बसले.

माताजींनी पाण्याचीही व्यवस्था लावून दिली. सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा माझा नियम होता. खडे होणाऱ्या माणसाची रात्रीची लघवी घट्ट होते आणि क्षार त्या वेळात जमतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दिवसभरात अडीच लिटरच्या आसपास लघवी व्हायला हवी, म्हणजे त्याहून जास्त पाणी प्यायला हवं. माताजी म्हणाल्या, "अन्नाचा नियम पाळ. पाणी औषध म्हणून घे, डॉक्टर सांगतील तोवर." आता मी सकाळी उठल्यापासून सूर्यास्तापर्यंत गाळून उकळलेलं पाणी ठरवून पिते. ओट्यावर मोजून भरलेली कळशी असते, संध्याकाळी ती रिकामी दिसली पाहिजे. त्यात दोनदा लिंबू. रात्री जाग आली की एक पेला, नऊ वेळा णमोकार, आणि झोप. दूध-दही डॉक्टरांनी बंद केलं नाही. उलट म्हणाले, बेतानं घ्यायचंच, मीठ कमी करा. म्हणून पापड-लोणच्याला हात आखडता घेतला. पालक चातुर्मासात तसाही नसतो, आता एरवीही बेतानंच.

आणि प्रायश्चित्त विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उपवास नको. उपवास तुला सोपा आहे. जे झालं ते बायकांना सांग. लाजेसकट सांग."

घरी आले. त्या रात्री यांना आणि सूनबाईला समोर बसवून सांगितलं. हे काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी आत येऊन हात धरून उभा राहिलो असतो." चाळीस वर्षांच्या संसारात मला हे सुचलंच नव्हतं, की असं मागता येतं. सूनबाई म्हणाली, "आई, बाईडॉक्टर किंवा निदान सिस्टर शेजारी हव्यात असं सांगता येतं." तेही मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वेळी सिस्टर शेजारी होती, अंगावर पूर्ण चादर होती, आणि लाज वाटली ती दारात पोचेपर्यंतच.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या किंवा घरच्या कुणाच्या कागदावर 'डीजे स्टेंट' लिहिलेलं असेल, तर हा लेख वाचून होताच उठा आणि काढायची तारीख बघा. कालनिर्णयवर मोठ्या अक्षरात लिहा, जिथे तिथी-चतुर्दशी बघता तिथेच. घरातल्या निदान दोघांना ती तारीख सांगा. सून, मुलगा, शेजारीण, कुणीही चालेल. तारीख पर्वात येत असेल तर दवाखान्यात आधी सांगा, चार दिवस अलीकडची मागून घ्या. पलीकडची नको. त्रास कमी झाला म्हणजे नळी गेली असं नव्हे. ताप आला, लघवी लाल झाली, कुशीत कळ आली तर तारखेची वाट बघू नका. आणि तुमचं काम झालं की आपल्या ओळखीत कुणाची नळी राहिली आहे का ते विचारा. मी मंदिरात सहज विचारलं, तर एका आजींची सात महिने राहिलेली निघाली. त्यांचे यजमान गेले त्या गडबडीत राहून गेली होती. आता त्या बऱ्या आहेत.

माझ्या जमाखर्चाच्या वहीत मी एक नवं पान केलं आहे. त्यावर घरातल्या सगळ्यांच्या तपासण्यांच्या तारखा. सगळ्यात वर माझं नाव, पहिल्यांदाच.

या वर्षी दशलक्षणात मी एकाशन केलं नाही. रोज दोन वेळा जेवले, दिवसभर पाणी प्यायले, पूजेला पुढच्या ओळीत बसले. क्षमावाणीला सूनबाईपुढे हात जोडले, तर ती म्हणाली, "झालं की आता आई." मी म्हटलं, "नाही, या वर्षीचं खरं आहे, घे."

तुम्हा सगळ्यांनाही, आजवर काही उणंअधिक लिहिलं गेलं असेल तर, उत्तम क्षमा.